वाकळींचं गाठोडं घेऊन अमरावतीला

अकोला

अमरावतीला जाऊन आलो म्हटलं की अकोल्याचा माणूस विचारतो, "कोनाचं लगन होतं?" नाहीतर आवाज उतरवून, "दवाखान्याचं काम होतं का?" आमचं त्या गावाशी येणंजाणं एवढ्यापुरतंच. त्यामुळे मी अमरावतीचं प्रवासवर्णन लिहायला बसलोय हे ऐकून सकाळी फिरायला येणारे माझे सोबती हसले. हसू द्या. मी जी अमरावती पाहून आलो ती त्यांनी पाहिलेली नाही. आणि मी ज्या नात्यानं गेलो, त्या नात्यानं मीही आधी कुठे गेलो नव्हतो. मी कुसुमताईंचे मिस्टर म्हणून गेलो होतो.

कुसुम माझी बायको. आम्ही दोघंही मास्तरकीतून निवृत्त झालेले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायची, मी एका खाजगी हायस्कूलमध्ये ड्रॉइंग. शिकवणं पोटासाठी होतं. मनातून मी चित्रकार. जलरंगातली निसर्गचित्रं काढतो. असदगडाचा बुरूज, मोर्णेचं पात्र पूर्वी होतं तसं, नरनाळ्याचा दरवाजा पावसाळ्यातल्या धुक्यात. ही चित्रं शाळेच्या स्नेहसंमेलनात लागली, मुख्याध्यापकांच्या खोलीत लागली, आणि आमच्या घरात तर जिकडेतिकडे आहेत. प्रदर्शन मात्र कधी झालं नाही. अकोल्यात करणार तरी कुठे? मंगल कार्यालयात, जिथे आदल्या दिवशी साड्यांचा सेल आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा?

कुसुम वाकळी शिवते. वाकळ म्हणजे गोधडी. तिच्या तोंडी 'वाकय'. दुपारचं आवरलं की खिडकीशी पाय पसरून बसायचं, जुनी लुगडी आत घालायची, वरून तुकडे जोडायचे आणि धावदोरा घालत राहायचं. नातेवाइकांत बाळंतपण झालं की एक वाकळ गेलीच. मला तिच्या त्या बसण्याचा कधी त्रास झाला नाही, कारण माझं त्याकडे कधी लक्षच नव्हतं.

शेजारच्या घरी लग्न निघालं आणि त्यांची पाहुणेमंडळी आसपासच्या घरांत वाटली गेली. आमच्या वाट्याला अमरावतीची एक मुलगी आली, मृणाल. तिथल्या नव्या सांस्कृतिक केंद्रात प्रदर्शनांचं काम पाहते असं कळल्यावर मी तिची झोपायची सोय मुद्दाम पुढच्या खोलीत केली. त्या खोलीत माझी तीन चित्रं आहेत, त्यातली दोन तर माझ्या मते सर्वोत्तम. सकाळी उठून पाहतो तर पाहुणी गच्चीवर. अंगावर घेतलेली वाकळ तिनं उन्हात दोरीवर पसरली होती आणि चार पावलं मागे सरून, मान तिरकी करून ती तिच्याकडे पाहत होती.

"काका, ही कुणी केली?"

मी म्हटलं, "आमच्या मंडळींनी. घरचंच आहे."

"अशा अजून आहेत?"

अजून होत्या. पेटीत होत्या, पलंगाखाली होत्या, एक तर धान्याच्या कोठीवर टाकलेली होती. मृणालनं लग्नाला जायचं सोडून त्या सगळ्या पाहिल्या. पुढच्या खोलीतल्या चित्रांबद्दल ती निघताना म्हणाली, "तुमची खोली किती प्रसन्न आहे."

चार महिन्यांनी तिचा फोन आला, हिवाळ्यात प्रदर्शन करू म्हणून. फोन मीच उचलला होता. क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटलं की माझ्यासाठी आहे.

बडनेऱ्यापर्यंत

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं निघालो. वाकळी एका जुन्या चादरीत बांधल्या होत्या. ते गाठोडं एवढं मोठं झालं की डब्याच्या दारातून आडवं आत जाईना. मी ढकलत होतो, कुसुम आतून ओढत होती. माझ्या दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी चित्रांची फाइल होती.

"ते काहून घेतलं?" कुसुमनं बसल्यावर विचारलं.

"सहज. मृणालले दाखवू."

फाइल चेंगरू नये म्हणून तिनं ती स्वतःच्या पाठीमागे उभी केली आणि बडनेऱ्यापर्यंत ताठ बसून आली.

मूर्तिजापूर येईपर्यंत ऊन चढलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना तूर फुलावर आली होती, आणि मध्येच पऱ्हाटीचे पट्टे, फुटलेल्या कापसानं पांढरे झालेले. काळ्या मातीवर पिवळं आणि पांढरं. हे दृश्य मी आयुष्यात कितीतरी वेळा रंगवलंय. कुसुम खिडकीतून पाहत होती आणि तिची बोटं मांडीवर हलत होती, जणू काही उसवत होती. "काय करून राहिली?" मी विचारलं. "काई नाई," ती म्हणाली, "ते पिवयं थोडं बाजूले असतं त." मला राग आला. रंगाबद्दल या घरात बोलायचं काम माझं होतं.

समोरच्या बाकावर बडनेऱ्याला उतरणारी एक बाई होती, रेल्वेतल्या माणसाची बायको. तिनं गाठोड्याकडे पाहून विचारलं, "लेकीच्या घरी चाल्ले का, बाई?" कुसुमनं सांगितलं, प्रदर्शन आहे. बाईला नीट कळलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, फाइलीकडे पाहिलं, आणि आदरानं म्हणाली, "साहेबांचं आहे का?" मला उत्तर द्यायला जरा उशीर झाला. कुसुमच म्हणाली, "नाई वो, माहं."

बडनेऱ्याला उतरून अमरावतीसाठी ऑटो केला. ऑटोवाल्यानं गाठोडं मागे दोरीनं बांधलं. "कापूस पिंजाले चाल्ले का काका?" त्यानं विचारलं. मी मनापासून खूश झालो आणि गावात शिरेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारल्या. राजकमल चौकाच्या अलीकडे दोरी सुटली आणि गाठोडं रस्त्यावर पडलं. मागचे मोटारसायकलवाले थांबले, दोघांनी उचलून दिलं, एकानं चादरीतून बाहेर आलेलं टोक हातात धरून म्हटलं, "मस्त आहे ना हे! कुठी भेटते?" माझा आनंद तिथेच संपला.

केंद्र

आता ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅम्पाच्या बाजूला, झाडांच्या आत, एक लांबलचक बैठी इमारत आहे. पुढे रुंद ओसरी, तिच्यावर बाक. आत चित्रांसाठी दोन दालनं, मध्ये चौक, चौकात कडुनिंब आणि त्याच्या भोवती पार. पलीकडे घरच्या माणसांनी मिळून बसायची मोठी खोली, ज्याला सगळे 'कुटुंबकक्ष' म्हणतात. तिथे सतरंज्या, गोष्टींची पुस्तकं, बुटकी टेबलं, रंग, मातीचे गोळे. एका कोपऱ्यात पडद्याआड आयांना बाळाला पाजायला जागा. तिकीट नाही. कुणी हटकत नाही. चपला काढून आत जायचं.

मी शुक्रवारी दुपारी पाहिलं तेव्हा एक आजोबा टेकून पेपर वाचत होते आणि त्यांची नात त्यांच्या धोतरावर मातीचा हत्ती उभा करत होती. त्यांना ते माहीत होतं आणि ते हलत नव्हते. मी दारात उभा राहिलो. अमरावतीला हे मिळालं, आणि आम्हाला? आमच्या गावात नातवाला घेऊन जायचं तर बाग आहे, तिथले झोपाळे तुटलेले, नाहीतर मॉल. माझी लेक नीलू लहान असताना अशी एखादी खोली अकोल्यात असती, तर मी रविवारी घरी बसून एकट्यानं चित्रं काढली असती का, असाही एक विचार येऊन गेला. तो मी परतवून लावला.

दालनात वाकळी टांगायचं काम सुरू झालं. दोन तरुण मुलं शिडीवर, मृणाल खाली. मी म्हटलं, "उंची जरा कमी घ्या. पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या रेषेत मध्य यायला हवा." मृणाल गोड हसून म्हणाली, "हो काका, तेच चाललंय." आणि खरंच तेच चाललं होतं. त्यानंतर मला काही काम उरलं नाही.

मग नावांचा विषय निघाला. प्रत्येक वाकळीखाली पाटी लागणार होती. मृणालनं कुसुमला नावं विचारली.

"वाकयले नाव?" कुसुम हसली. "तिले कोन हाक मारते?"

मी पुढे झालो. मला नावं सुचतात. "स्मृतिगंध," मी म्हटलं. "मातीचे सूर. आणि ही, ही सांजरंग."

मृणालचं पेन हलेना. कुसुम एकेका वाकळीजवळ जाऊन हात लावत म्हणाली, "ही नीलूच्या फ्रॉकायची. ही मायच्या लुगड्याची. ही बदली झाली त्या वर्साची, तवा माह्या मनाले चैन नव्हती म्हून लयच बारीक धावदोरा पडला." मृणाल लिहीत गेली. संध्याकाळी पाट्या छापून आल्या: नीलूच्या फ्रॉकांची. आईच्या लुगड्याची. बदलीच्या वर्षाची. आणि सगळ्यांखाली, बारीक सुबक अक्षरात, कुसुमचं नाव आणि 'अकोला'.

त्या पाटीचा कागद, अक्षर, खालची मोकळी जागा, सगळं मला ओळखीचं होतं. मी ते कितीदा तरी मनात छापलं होतं. फक्त नाव वेगळं होतं.

रात्रीचं जेवण केंद्राच्या कॅन्टीनमध्ये झालं. बचतगटाच्या बाया चालवतात. कढी-गोळे आणि ज्वारीची भाकर. गोळे आमच्यापेक्षा मऊ होते, हेही मला आवडलं नाही.

शनिवार

सकाळी अंबादेवीला गेलो. गर्दी होती. कुसुमनं ओटी भरली आणि डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. मी देवीला काय मागितलं ते सांगून टाकतो: माझी फाइल कुणीतरी उघडू दे.

देवीनं ऐकलं. उद्घाटन संध्याकाळी होतं, दुपारी मृणाल कॅन्टीनमध्ये चहा पीत एकटी सापडली. मी फाइल टेबलावर ठेवली. तिनं हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक चित्र नीट पाहिलं. घाई केली नाही. असदगड, मोर्णा, नरनाळा. शेवटचं पाहून तिनं फाइल अलगद बंद केली.

"खूप सुरेख, काका. हात किती स्वच्छ आहे तुमचा."

हा आवाज मला ठाऊक होता. पालकसभेला एखादी आई आपल्या मुलाची चित्रं घेऊन यायची, आशेनं माझ्याकडे पाहायची, तेव्हा मी याच आवाजात बोलायचो. 'हात छान स्वच्छ आहे हो याचा.' नोकरीभर मी हे वाक्य वापरलं. ते कधी वापरतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

मी म्हटलं, "सहजच आणली होती." आणि फाइलीच्या दोऱ्याची गाठ मारली. गाठ बसायला वेळ लागला.

उद्घाटनाला बरीच माणसं आली. दिवे लागले तेव्हा मी दालनाच्या मागच्या भिंतीशी उभा होतो, कुणाच्या नजरेला न येता. समोर बदलीच्या वर्षाची वाकळ होती. ही वाकळ मी घरात अंगावर घेतलेली आहे. कितीतरी हिवाळे ती माझ्या पायांवर चुरगळून पडलेली असायची, सकाळी मी ती लाथेनं बाजूला सारायचो. तिला अशी पूर्ण, ताणून उभी केलेली, मी पहिल्यांदाच पाहत होतो.

निळसर करड्या रंगाचे तुकडे खालून वर चढत गेले होते, पहाटेच्या आभाळासारखे. वर उजवीकडे, जिथे माझ्यासारख्यानं डोळ्याला विसावा म्हणून रिकामी जागा सोडली असती, तिथे कुंकवाच्या लाल रंगाची एक अरुंद पट्टी होती. किंचित तिरकी. त्या पट्टीमुळे सगळी वाकळ जागी झाली होती. ती काढून टाकली असती तर ते नुसतं पांघरूण राहिलं असतं.

मला ती पट्टी लावायचं धाडस झालं नसतं. मी दुसऱ्या कुणाच्या चित्राबद्दल स्वतःची समजूत घालू शकतो. वशिला असेल, नशीब असेल, फॅशन असेल. इथे काहीच लागू पडेना. मला चित्र कळतं, आणि म्हणूनच मला कळलं की माझ्या फाइलीतलं एकही पान या वाकळीजवळ उभं राहणार नाही. जी बाई माझ्यासमोर कांदा चिरते, जिला मी दर रविवारी 'जरा बाजूला हो, उजेड अडतो' म्हणतो, तिनं हे माझ्याच घरात बसून केलं होतं. छाती भरून यायला हवी होती. ती जळत होती.

रविवार

रविवारी केंद्रात जत्रा भरते म्हणा. आईबाप, आजीआजोबा, ढकलगाड्यांतली बाळं. चौकात संत्र्यांच्या सालींचा वास, कारण वरुडकडची एक बाई पाटी घेऊन आली होती आणि जो तो पारावर बसून संत्री सोलत होता. कुटुंबकक्षात कुसुमला मुलांसोबत बसवलं होतं. तिनं आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळलेला. पाच मिनिटांत पोरं तिच्याभोवती. कापडाचे तुकडे, मोठ्या नाकाच्या सुया. "दोरा घट्ट नोको ओढू बेटा, कपडा रुसते," असं चाललं होतं. आयाही खाली बसल्या. एक बाप, शर्टाच्या बाह्या दुमडून, अगदी जिभेचं टोक बाहेर काढून सुई ओवत होता.

मी खुर्चीवर बसलो होतो. तो बाप उठून माझ्याकडे आला. कुणीतरी त्याला सांगितलं असावं.

"सर, तुम्ही ड्रॉइंगचे शिक्षक ना? मग रंगांची जोडणी तुम्हीच सांगत असाल मॅडमना?"

मी म्हणालो, "थोडंफार."

तोंडातून निघून गेलं. तो म्हणाला, "वाटलंच," आणि कौतुकानं मान हलवून गेला. मी वळून पाहिलं तर कुसुम माझ्याकडेच पाहत होती. सुई हातात तशीच. मग एका मुलीनं तिचा पदर ओढला आणि ती पुन्हा खाली वाकली.

दुपारी कॅन्टीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. अमरावतीचा गिला वडा मी वर्षानुवर्षं ऐकून आहे. समोर आला, दह्यात बुडालेला, वर हिरवी चटणी. मी चमचा लावणार, तेवढ्यात कुसुम म्हणाली,

"थोडंफार म्हंजे कोनतं?"

"काय?"

"कोनता तुकडा तुमी सांगतला? मले आठोत नाई म्हून विचारून राहिली."

आवाज चढलेला नव्हता. पहिलीच्या पोराला 'पाटी कुठे ठेवली' विचारावं तसा होता.

"तुमच्या ब्रशायचं पानी मी बदलून देलं," ती म्हणाली. "चित्र वाळेपर्यंत पोरीले खोलीत येऊ देलं नाई. पाहुने म्हने, काय सुंदर चित्र हाय, त मी चहा ठेवाले आत जाऊ. मी कदी म्हनलं का, थोडंफार माहं हाय म्हून?"

"चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं नाई," ती म्हणाली. "तुमाले जड जाऊन राहिलं. मले समजते. पन माहं हे एवढंच हाय. त्यातलं नोका घेऊ."

तिनं वडा खाल्ला. मला तो कसा लागला ते सांगता येणार नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

संध्याकाळी चौकात गप्पांचा कार्यक्रम होता. कडुनिंबाखाली सतरंज्या, पारावर दोन खुर्च्या. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ गावातले निवृत्त प्राध्यापक होते, फार सज्जन. त्यांनी कुसुमची ओळख करून दिली, टाळ्या झाल्या, मग म्हणाले, "ताई थोड्या संकोची आहेत. तर आपण सरांनाच विनंती करू. सर स्वतः कलावंत आहेत. ते या कलेमागची दृष्टी उलगडून सांगतील." आणि माईक माझ्या हातात दिला.

कुसुम संकोची नाही. तिनं कुणालाही तसं सांगितलं नव्हतं. पण ती मांडीवर हात ठेवून समोर पाहत राहिली.

मी उभा राहिलो. मला बोलता येतं. रंगसंगती, लोककला, विदर्भाची माती, सगळं माझ्या जिभेवर तयार होतं, आणि खरं सांगतो, ते बोलायची मला इतकी इच्छा झाली की मी माईक तोंडाजवळ नेलाही. समोर तो सकाळचा बाप बसला होता, मांडीवर मुलगी. ही एवढी माणसं माझ्यासाठी कधी जमली नव्हती आणि पुढेही जमणार नव्हती.

"सकाळी मला एकानं विचारलं, रंग तुम्ही सांगता का," मी म्हटलं. "मी हो म्हणालो. ते खोटं होतं. यातला एकही तुकडा मी सांगितलेला नाही. मला सांगता आलाच नसता. मला यांचा फार हेवा वाटतोय, त्यामुळे मी नीट बोलू शकणार नाही. त्यांनाच विचारा."

काही लोक हसले, त्यांना वाटलं सर विनोद करतायत. तो बाप हसला नाही. मी माईक कुसुमच्या हातात दिला आणि खाली सतरंजीवर जाऊन बसलो.

कुसुमनं आधी प्राध्यापकांकडे पाहून म्हटलं, "मी लाजत नाई हो भाऊ. पहिलीच्या पोट्ट्यायले शिकवलं हाय." मग सगळेच हसले.

कुणीतरी विचारलं, रंग कुठे शिकलात? तिनं जरा विचार केला. मलाही ऐकायचं होतं. इतक्या वर्षांत मी तिला हे विचारलं नव्हतं.

"माहा बाप माळवं पिकवे," ती म्हणाली. "आठोडी बाजारात जागा मिये ती कोपऱ्यातली. गिऱ्हाईक दुरून दिसलं पाहिजे ना. मंग तो मले बसवे मांडाले. वांगे जवयजवय ठेवले त काये दिसत, त्याईच्या मधात मी सांबार ठेवू. टमाटर एकाच जागी नाई, एकच रांग, वरच्या अंगाले. बाप म्हने, लोक तुह्या त्या टमाटराले पाहून येतात आन् वांगे घेऊन जातात. आता वाकय शिवतानी मले तेच दिसते. दुसरं काई नाई."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पण ते कुणाला सांगावं लागलं नाही. टाळ्या वाजत राहिल्या. आणि मी, वरच्या अंगाला लावलेली ती लाल पट्टी आठवून, सतरंजीचा दोरा उपसत बसलो. हेवा कमी झाला असेल असं तुम्हाला वाटेल. उलट वाढला. आधी मला तिच्या नावाच्या पाटीचा हेवा होता. आता तिच्या त्या बाजाराचा, त्या कोपऱ्याचा, तिच्या बापाचाही वाटू लागला.

कार्यक्रम संपल्यावर मृणाल आली. प्रदर्शन आहे तोवर आठवडाभर राहाल का, म्हणाली, रोज दुपारी कुटुंबकक्षात मुलांना आणि आयांना घेऊन बसाल का? आमच्या घरात अशा प्रश्नावर कुसुम आधी माझ्याकडे पाहते. लेकीच्या घरी जायचं असलं तरी पाहते. मी चेहरा तयार ठेवला होता. काय म्हणायचं तेही ठरवलं होतं.

"राहाते ना," ती म्हणाली. मृणालकडे पाहूनच.

परत

सोमवारी ती मला केंद्राच्या फाटकापर्यंत सोडायला आली. डाळीचा डबा कुठे आहे, दूधवाल्याला काय सांगायचं, सगळं सांगितलं. ऑटो सुरू झाल्यावर मी मागे वळून पाहिलं तर ती आत निघालीही होती. ओसरीवर दोन पोरं तिची वाट पाहत होती.

गाडीत मला खिडकी मिळाली. तूर तशीच पिवळी. मी तिच्याकडे बघून ते पिवळं जरा बाजूला सरकवून पाहिलं. कुसुम म्हणत होती ते बरोबर होतं. मूर्तिजापूरला चहा घेतला, बेचव होता.

अकोल्यात घर उघडलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "ताई कुठी हायेत?" मी म्हटलं, "त्यांचं प्रदर्शन आहे अमरावतीला." वाक्य पूर्ण करायला मला अडचण आली नाही, एवढं नोंदवतो. पुढे तिनं "अन् तुमचे चित्र?" असं विचारलं, तेव्हा मात्र मी किल्ली शोधायला लागलो, जी माझ्या हातातच होती. ज्यांना वाटतं की प्रवासातून माणूस शुद्ध होऊन परततो, त्यांनी माझ्या भरवशावर अमरावतीला जाऊ नये. केंद्र पाहायला मात्र जरूर जा. मुलंबाळं घेऊन जा, रविवारी जा, चपला काढून आत बसा.

संध्याकाळी खिचडी टाकली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत कुसुमचा फोन आला. मागे पोरांचा कालवा. आज काय काय झालं ते ती सांगू लागली. एका मुलीनं म्हणे बाबाच्या फाटक्या पँटीचा खिसा आणला, जसाच्या तसा वाकळीवर शिवायचा म्हणून हटून बसली, आणि शिवल्यावर त्यात बिस्किट ठेवलं. एका आजीनं डोळ्यांना दिसत नसतानाही नातवाकडून सुई ओवून घेऊन धावदोरा घातला, सरळ रेघेत. कुसुम भराभरा बोलत होती. एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलली होती ते मला आठवेना. मला तिथे त्या खोलीत असायचं होतं, आणि मी नव्हतो, आणि ती पोरं होती. फोन मी कानाला घट्ट धरला.

मध्येच ती थांबली. "तुमी जेवले का?"

कुकरखालचा गॅस मी कधीच बंद केला होता, आवाजात तिचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं म्हणून. खिचडी अर्धीकच्ची होती.

"जेवलो," मी म्हटलं. "तू सांग. मंग त्या आजीनं काय केलं?"